चोळू नये

सावळारामनं इंदापुरात एकाच दवाखान्यात एकोणचाळीस वर्षं कंपाउंडरकी केली. तालुक्यातल्या निम्म्या लोकांच्या दंडावर नाहीतर कमरेवर त्याची सुई एकदा तरी टोचलेली असेल. त्याची पद्धत ठरलेली होती. सुई बाहेर काढली की स्पिरिटचा बोळा लावायचा आणि अंगठ्यानं गोल गोल चोळायचं. "चोळा, चोळा, न्हायतर गाठ धरंल," हे तो दिवसातून पन्नास वेळा म्हणायचा. एखाद्या बाईला नीट चोळता येत नसेल तर तिचा अंगठा धरून शिकवायचा. दवाखाना सुटून सहा वर्षं झाली, तरी नातेवाइकांत कुणाला टोचून घ्यायचं असलं की आधी सावळारामला फोन जायचा.

त्याची धाकटी बहीण कौसल्या पळसदेवला दिलेली. तिथल्या अंगणवाडीची ती बाई. उजव्या दंडाच्या आतल्या अंगाला तिला लिंबाएवढी गाठ लागली, तेव्हा तिनंही त्यालाच दाखवली. त्यानं दोन बोटांनी चाचपून पाहिलं आणि म्हणाला, "कौसे, ही चरबीची वाटत न्हाय. हलत न्हाय ही. उद्याच्या उद्या बारामतीला जाऊ." त्याचं म्हणणं खरं निघालं. तुकडा तपासला, स्नायूचा कॅन्सर होता.

बारामतीच्या हॉस्पिटलात सर्जननं चित्र काढून सांगितलं. दंडातून एक जाड नस तळहाताकडे जाते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बरंचसं तिच्या जिवावर चालतं. गाठ त्या नसेला खेटून होती. ती पुरती काढायची तर नस राहत नाही, शेजारची मोठी रक्तवाहिनीही राहत नाही, म्हणजे हातच खांद्याखालून काढावा लागेल.

कौसल्यानं चित्राकडे बघितलं आणि विचारलं, "डावा असता तर चाललं असतं. उजवाच का?"

तेव्हा त्याच हॉस्पिटलातल्या डॉक्टर आसावरी यांनी दुसरी वाट दाखवली. एका नव्या औषधाची ट्रायल चालू होती.

"सलाईनमधून औषध दिलं की ते सगळ्या अंगभर फिरतं," त्या म्हणाल्या. "गाठीपर्यंत त्यातलं थोडंसंच पोचतं. हे औषध जेलमध्ये मिसळलेलं आहे. सुईनं आम्ही ते थेट गाठीत सोडतो. आत गेल्यावर ते हळूहळू घट्ट होतं. खरवस कसा जमतो, तसं. मग तिथंच बसून तीन आठवडे थोडं थोडं औषध सोडत राहतं."

"म्हणजे ठिबक!" कौसल्याचा मुलगा दिग्विजय म्हणाला. त्याचा सहा एकर ऊस होता.

आसावरी हसल्या. "हे समजावायला घेतलं की इथं प्रत्येक जण ठिबकच म्हणतो. तुम्ही आजचे तिसरे." मग त्या गंभीर झाल्या. "पण हे अजून सिद्ध झालेलं नाही. गुण येईलच असं मी म्हणणार नाही. दोन डोस द्यायचे. गाठ आक्रसून नसेपासून पाच मिलिमीटर सुटली, तर सर्जन हात ठेवून नुसती गाठ काढतील. नाही सुटली, तर पहिलं आहेच."

कौसल्यानं संमतीपत्र स्वतः वाचलं, सगळी अकरा पानं, आणि सही केली. सही करताना सावळाराम शेजारी बसला होता. सातव्या पानावरचं एक वाक्य त्याच्याही नजरेला पडलं होतं: दिलेल्या सूचना न पाळल्यास सहभाग थांबवला जाऊ शकतो.

पहिला डोस एप्रिलमधल्या एका मंगळवारी झाला. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत आसावरींनी जेल सोडलं. आत फक्त दिग्विजयला घेतलं होतं. नर्सनं त्याला आणि कौसल्याला सगळ्या सूचना दोनदा सांगितल्या आणि मराठीत छापलेला कागदही दिला. बाहेर आल्यावर दिग्विजयनं तो कागद सावळारामच्या हातात ठेवला. "घ्या मामा, हे तुमच्या खात्यातलं."

सावळारामनं घडी घालून तो फाइलीत सारला. इंजेक्शननंतर काय करायचं हे त्याला कागदावरून कळायची वेळ आली नव्हती. आणि दिग्विजयनंही तोंडी काही सांगितलं नाही. मामाला इंजेक्शनाबद्दल आपण काय सांगणार, असं त्याला वाटलं.

गाडी दिग्विजय चालवत होता, लक्ष सगळं रस्त्यावर. मागच्या सीटवर कौसल्या आणि सावळाराम. दुखू नये म्हणून दिलेल्या औषधानं कौसल्याला गुंगी आली होती. भिगवणच्या अलीकडं तिनं डोळे न उघडताच म्हटलं, "ठणकतंय रं दादा."

"आण हिकडं."

त्यानं तिचा हात मांडीवर घेतला. पट्टीच्या कडेला रक्ताचा एक थेंब आला होता. त्यावर कापूस ठेवला आणि अंगठ्यानं गोल गोल चोळायला लागला. आधी हळू, मग जरा दाबून. मग वरून कोपराकडे दोन-चार वेळा अंगठा ओढला. कौसल्याचा श्वास संथ झाला. "बरं वाटतंय," ती पुटपुटली आणि झोपली. सावळारामला फार समाधान वाटलं. गेले दोन महिने तो नुसता बाकड्यांवर बसत होता. आज त्याच्या हाताला काम मिळालं होतं.

पळसदेवला पोचून जेवणं झाली. कौसल्या आत आडवी झाली. चारच्या सुमारास गोळ्यांची वेळ बघायला सावळारामनं फाइल उघडली, चष्मा लावला आणि तो कागद वाचला.

*पहिले अठ्ठेचाळीस तास त्या जागी चोळू नये, दाबू नये, शेकू नये. जेल घट्ट होण्याआधी दाब पडल्यास औषध गाठीबाहेर जाऊन चांगल्या स्नायूंना व नसेला इजा होऊ शकते. असे काही घडल्यास खालील क्रमांकावर लगेच कळवावे.*

त्यानं ते दुसऱ्यांदा वाचलं. मग कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

सोप्यात दिग्विजय ट्रॅक्टरवाल्याशी फोनवर बोलत होता. फोन ठेवून त्यानं विचारलं, "काय मामा, गोळी कधी द्यायची?"

"सहाला," सावळाराम म्हणाला. आवाज नीट आला म्हणून त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

खाली छापलेला नंबर त्यानं मोबाइलमध्ये घातलासुद्धा. हिरव्या बटणावर बोट ठेवलं आणि थांबला. सांगितलं तर? सातवं पान. कौसीला ट्रायलमधून काढतील. दुसरा डोस मिळणार नाही, आणि मग हात गेलाच. न सांगितलं तर? कदाचित काहीच झालं नसेल. आपण चोळलं ते वरच्यावर. जेल आत बसलंही असेल. दवाखान्यात असं व्हायचं कधीतरी. कुणाच्या कमरेत पू व्हायचा, कुणाचा पाय बधिर व्हायचा. मोठे डॉक्टर म्हणायचे, "दोन दिवस बघू." बहुतेकदा दोन दिवसांत उतरायचं. त्यालाही दोन दिवस बघायची सवय होती.

त्या संध्याकाळी तो इंदापूरला परत गेला नाही.

"मामा, मामीनं हाकललं की काय?" दिग्विजय म्हणाला. "का आमच्या हातचा च्या आवडला?"

"गप रं. आईजवळ कुणी नगं का?"

"मी काय भिताड हाय?"

सावळाराम हसला नाही. त्यानं कौसल्यापुढं भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप ठेवलं. "बसल्या बसल्या फोड चार. उजव्या हातानं."

"आजच? डॉक्टरीण म्हणाली हात जपून वापर."

"बोटं चालू ठिवायची. मी सांगतो न्हवं."

ती शेंगा फोडू लागली. तो तिच्या अंगठ्याकडे आणि तर्जनीकडे बघत राहिला. टरफल फुटतंय, दाणा निसटत नाही. अर्ध्या तासानं त्यानं सुई-दोरा आणला. ओवून दे म्हणाला, सदऱ्याचं बटण लावायचंय. बटण जागेवरच होतं, हे तिला दिसलं.

"दादा, काय चाललंय तुझं? माझी परीक्षा घेतोयस व्हय? एवढ्या परीक्षा मी पोरांच्यासुदिक घेत न्हाय."

"तसं न्हाय. बोटं बगतोय."

"मग बोटं बग. तोंड कशाला असं केलंयस?"

तिनं पहिल्याच झटक्यात दोरा ओवला. सावळारामला इतकं हायसं वाटलं की त्यानं तिच्या हातून सुई घेताना स्वतःलाच टोचून घेतली. त्यानं मनाशी ठरवलं, काही झालेलं नाही. उद्याचा दिवस जाऊ दे. मग अठ्ठेचाळीस तास होतील आणि विषय संपेल.

सकाळी सातला कौसल्या चुलीपुढं चहाची कपबशी घेऊन बसली होती. कप तिच्या बोटांतून सुटला. फुटला नाही, नुसता कलंडला, पण चहा सगळा मांडीवर सांडला.

"भाजलं का?" सून धावली.

"न्हाय ग. अंगठ्याला मुंग्या आल्यात. रातच्याला हातावर निजले आसंन."

सावळाराम उठला. पट्टी उचलून बघितली. सुईच्या जागेपासून कोपराकडे चार बोटं लांब जांभळट लाल पट्टा उमटला होता. बरोबर तिथंच, जिथून त्यानं अंगठा ओढला होता. त्यावर बोट टेकवलं तर कढत लागलं.

तो अंगणात आला. धरणाचं पाणी मागं सरकल्यामुळे उघड्या पडलेल्या रानात कुणाचं तरी इंजिन धडधडत होतं. त्याला पाठ करून त्यानं फोन लावला. आसावरींनी स्वतःच उचलला.

"मॅडम, मी कौसल्याचा भाऊ. काल इंजेक्शनानंतर गाडीत मी चोळलं."

पलीकडून एकापाठोपाठ एक प्रश्न आले. किती वाजता? साडेबाराला. किती वेळ? दोन-तीन मिनिटं. कोणत्या दिशेनं? गोल, आणि मग कोपराकडे. आता काय दिसतंय? त्यानं दवाखान्यात सांगायचा तसं नीट सांगितलं: पट्टा किती लांब, रंग कसा, अंगठ्याला मुंग्या.

"सूचनांचा कागद वाचला नव्हता?"

"वाचला. चारला."

"काल चारला?"

"व्हय."

"आता सव्वासात झालेत."

त्यानं वळून घराच्या दाराकडे बघितलं.

"लगेच निघा," आसावरी म्हणाल्या. "काही खायला-प्यायला देऊ नका. वाटेत हात खाली लोंबकळू देऊ नका आणि कुणीही त्याला हात लावू नका. कुणीही."

घरात येऊन त्यानं सगळं सांगून टाकलं. उभ्यानंच सांगितलं, बसायचं त्याला सुचलं नाही. दिग्विजयच्या हातातली गाडीची किल्ली खाली पडली.

"मामा! आवं दोनदा सांगितलं हुतं त्या बाईनं, चोळू नगा, चोळू नगा!"

"मला न्हाय सांगितलं."

"तुमाला काय सांगायचं? तुमी तर..." तो किल्ली उचलून बाहेर गेला.

गाडीत बसताना कौसल्यानं उजवा हात डाव्या हातानं छातीशी धरला. बारामती येईपर्यंत ती एका हातातल्या दुसऱ्या हाताकडे बघत होती. सूनबाईनं एकदा पाणी पुढं केलं आणि लगेच आठवून मागं घेतलं. भिगवणच्या रेल्वे फाटकाजवळ गर्दी लागली, तेव्हा दिग्विजयनं हॉर्नवरून हातच काढला नाही.

सोनोग्राफीला या वेळी आसावरींनी सावळारामलाही आत बोलावलं. "कुठून कसं चोळलं ते मला दाखवा. तिला हात न लावता, हवेत." त्यानं हवेत अंगठा फिरवून दाखवला. पडद्यावर गाठीच्या आत एक पांढुरकी जागा दिसत होती, आणि तिथून सुईच्या वाटेनं बाहेर आलेली, कातडीखाली कोपराकडे पसरलेली एक रेघ.

"साधारण तिसरा हिस्सा बाहेर आलाय," त्या म्हणाल्या. "बहुतेक कातडीकडे. थोडंसं नसेच्या बाजूलाही आहे. छोटा छेद घेऊन मी ते धुऊन काढते, आत्ता लगेच. आतलं आतच राहू दे."

"नस वाचंल का?" हे कौसल्यानं विचारलं.

"धुतल्यावर दोन-तीन दिवसांत मुंग्या कमी झाल्या तर वाचली. काल संध्याकाळीच आला असता तर मी जास्त खात्रीनं बोलले असते."

बाहेर बाकड्यावर तासभर गेला. दिग्विजय म्हणाला, "मामा, माझंबी चुकलं. मी सांगाया पायजे हुतं." सावळारामनं मान हलवली. त्याला वाटलं, ह्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

छेद घेऊन झाल्यावर आसावरींनी त्याला एक कोरा कागद दिला. घडलं ते त्यांना ट्रायलच्या समितीला कळवावंच लागणार होतं. "तुमच्या शब्दांत लिहा. वेळा खऱ्या लिहा."

"तिला काढून टाकतील का?"

"मला माहीत नाही. मी ठेवा म्हणून लिहीन. निर्णय त्यांचा."

त्यानं लिहिलं. साडेबारा, चार, सव्वासात. चार आणि सव्वासातच्या मधे काय केलं, तेही लिहिलं. शेंगा आणि सुई-दोऱ्याचंसुद्धा. आसावरींनी ते वाचलं आणि फाइलीला लावलं.

पुढचे तीन आठवडे सावळाराम पळसदेवलाच राहिला. त्या जांभळ्या पट्ट्यातली रुपयाएवढी कातडी काळी पडली आणि गळाली. जखम रोज धुऊन पट्टी बदलायची होती. ते काम त्याच्याइतकं स्वच्छ कुणाला जमणार नव्हतं, हे कौसल्यालाही माहीत होतं. ती हात पुढं करायची. तो हातमोजे घालून, कागदावरची एकेक ओळ आधी मोठ्यानं वाचून, मग तेवढंच करायचा. पूर्वी त्यानं कधी पट्टी वाचून केली नव्हती. तिचे त्याच्याशी दोनच शब्द होते. सुरू करताना "हं," आणि शेवटी "झालं?"

मुंग्या चौथ्या दिवशी कमी झाल्या. पण गेल्या नाहीत. अंगठ्याच्या टोकाला थोडी बधिरता राहिली. ती जाईल की वाढेल हे कुणी सांगेना. समितीचाही फोन येईना. सावळाराम रोज सकाळी दिग्विजयच्या मोबाइलकडे बघायचा. तो वाजला की हातातलं काम थांबायचं, आणि निघायचा कुणीतरी ऊसतोडीचा मुकादम.

अंगणवाडीला सुट्टी घेतली तरी शेजारची चार-पाच पोरं अंगणात येऊन बसायची. कौसल्यानं डाव्या हातानं पाटीवर अक्षर काढून द्यायला सुरुवात केली. ग वाकडा झाला, ण त्याहून वाकडा. छकुली नावाची पाच वर्षांची एक पोरगी पाटी जवळ घेऊन बराच वेळ बघत बसली.

"बाई, हे तुमी काढलंय?"

"व्हय. का ग?"

"मी काढू का परत? तुमचं लई घाण आलंय."

पोरं हसली, कौसल्याही हसली. "काढ. आण मलाबी शिकिव." छकुली मान वाकडी करून, जीभ बाहेर काढून ग गिरवू लागली. सोप्यात गोळ्या मोजत बसलेल्या सावळारामचा हिशेब चुकला आणि त्यानं पहिल्यापासून मोजायला घेतलं.

गाठ किती आक्रसली ते बघायला ठरलेल्या एमआरआयच्या आदल्या दिवशी समितीचं उत्तर आलं. घडलेली चूक कळवल्याची नोंद घेतली होती. कौसल्याला ट्रायलमध्ये ठेवलं होतं. पण दुसरा डोस द्यायचा की नाही ते एमआरआय पाहून ठरणार होतं.

दुसऱ्या दिवशी आसावरींनी दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. जुन्या चित्रात गाठ आणि नस यांच्यामध्ये काहीच जागा नव्हती. नव्या चित्रात एक बारीक करडी फट होती.

"तीन मिलिमीटर," त्या म्हणाल्या. "औषध एवढं सांडूनही तीन. पाच लागतात. दुसरा डोस देऊ या. जमेलच असं आजही म्हणत नाही मी. पण द्यायला हरकत नाही."

"आन् सगळं औषध आत राहिलं असतं तर?" कौसल्यानं विचारलं.

आसावरींनी थोडा विचार केला. "कदाचित चार. कदाचित तीनच. खरंच माहीत नाही."

डोस त्याच दुपारी द्यायचं ठरलं. दिग्विजय कागद भरायला गेला. बाहेरच्या बाकड्यावर भाऊ-बहीण दोघंच उरले. सावळाराम दोन हात गुडघ्यांमध्ये धरून बसला होता.

"दादा," कौसल्या म्हणाली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. "तू चोळलंस त्याचं मला काय वाटत न्हाय. मीच ठणकतंय म्हणाले. लहानपणापासनं माझं काय दुखलं की तूच चोळलंयस."

त्यानं वर बघितलं.

"पण चारला कळलं आन् सकाळपत्तोर गप बसलास. माझ्याकडनं शेंगा फोडून घेतल्यास. हात माझा हुता, आन् म्हाईत फकस्त तुला हुतं. त्ये मी इसरनार न्हाय."

"मला वाटलं, तुला काढून टाकत्याल."

"वाटलं आसंल. तरी इसरनार न्हाय."

"नगं इसरू," सावळाराम म्हणाला.

दार उघडलं. नर्सनं कौसल्याचं नाव घेतलं. कौसल्या उठली, पदर सावरला, आणि त्याच्याकडे वळून म्हणाली, "ऊठ. ती काय सांगती त्ये आत येऊन ऐक. आन् मग भाईर आल्यावर मला सगळं म्हणून दाखीव, पयल्यापासनं."

तो उठून तिच्या मागोमाग आत गेला.